बारावं कार्ड

बाई, तुम्ही जाऊन सतरा वर्षं झाली. या वर्षांत तुम्हाला काही विचारावंसं वाटलं नाही असं नाही, पण विचारल्यावाचून चैन पडू नये असं आज पहिल्यांदाच होतंय. बडोद्यात सकाळपासून झाडाचं पान हललेलं नाही. मांडवीपासून वाडीपर्यंत चालत आले तर पाठ घामानं भिजली. दिवाळी होऊन गेली तरी हा उकाडा. आणि तिकडे ओखामंडळाच्या किनाऱ्याकडे मोठं तुफान सरकतंय. बंदरावर धोक्याचा बावटा चढल्याची तार परवा आमच्या शाळाखात्याच्या कचेरीत आली. आज मी स्वतः स्टेशनवरच्या तारघरात जाऊन बसले, तर तिथला तारबाबू म्हणाला, "बेन, जामनगरच्या पुढे लाइनच लागत नाही. घरी जाऊन बसा, इथे फिकर करून काय होणार?" त्याचं बरोबर होतं, म्हणूनच मला त्याचा राग आला.

तिकडे माझी एक मुलगी आहे. पोटची नव्हे, तुमची जशी मी होते, तशी. एकोणीस वर्षांची, ट्रेनिंग झालेली, बाप सरकारी पागेत होता तो वारलेला, घरात ती आणि तिची आई. जिथे तुम्ही मला पाठवलंत त्याच समुद्रकाठच्या गावात, त्याच मुलींच्या शाळेवर, श्रावण संपता संपता मी तिला पाठवलं. आई तयार नव्हती. तीनदा त्यांचा जिना चढून मी तिला राजी केलं, आणि तेव्हा माझ्या तोंडात सगळी तुमचीच वाक्यं होती. दिवाळीत चार दिवस घरी येऊ का, असं मुलीनं विचारलं, तेव्हाही मी तुमचंच वाक्य लिहून पाठवलं: पहिल्याच दिवाळीला घरी आलीस तर परत जाणार नाहीस. बाई, ती आली असती तर दोन-चार दिवस जास्तच राहिली असती. आज इथे वाडीत आईच्या हातचं खात बसली असती.

मी निघाले त्या दिवशी तुम्ही मला कार्डांचा गठ्ठा दिला होता, लाल दोऱ्यानं बांधलेला. बारा कार्डं, प्रत्येकावर तुमच्या हातानं तुमचाच पत्ता घातलेला. "दर शनिवारी एक टाकायचं. मजकूर तुझा. घरच्यांना मी सांगत जाईन." मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, ही काय कैद्याची हजेरी आहे! तेव्हा रेल्वे जामनगरला संपायची, पुढे बैलगाडी. गावात पोचल्यावर पहिल्याच रविवारी मी बसले आणि बाराही कार्डं एका दमात लिहून काढली: मी सुखरूप आहे, काळजी नसावी. खाली सही. तारीख मुद्दाम घातली नाही. शाळेच्या म्हाताऱ्या पट्टेवाल्याकडे गठ्ठा देऊन सांगितलं, दर शनिवारी एक टाकत जा. स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूश होते की त्या दिवशी गोड शिरा करून खाल्ला.

नवव्या आठवड्यात तुफान आलं. समुद्राचा आवाज ऐकू येईनासा झाला, एवढा वाऱ्याचा आवाज. शाळेत अकरा मुली होत्या. त्यांना पलीकडच्या दगडी धर्मशाळेत नेलं आणि शेवटच्या मुलीला आत ढकलताना छपराची तुळई माझ्या उजव्या हातावर पडली. मुली सगळ्या वाचल्या. मी तीन आठवडे हात बांधून, तापानं फणफणत, एका खारवी खलाशाच्या घरी पडून होते. त्याच्या बायकोनं मला भरवलं. आणि आमचा पट्टेवाला, शब्दाला जागणारा माणूस, गावात अर्ध्या घरांवर छप्पर नसतानाही शनिवार आला की चालत जाऊन कार्ड टाकून येत होता. मी सुखरूप आहे, काळजी नसावी.

इकडे माझ्या आईनं देव पाण्यात घातले होते. तुफानाची बातमी कळली त्या दिवसापासून तांब्याच्या घंगाळात अन्नपूर्णा, बाळकृष्ण, टाक, सगळे. तुम्ही वर्गात हसायचात, त्या बिचाऱ्या देवांना पडसं होईल म्हणायचात. पण कार्ड आलं तशी तुम्ही स्वतः आमच्या घरी आलात. आईनं हे मला पुढे किती वेळा सांगितलं असेल! "बाई चुलीपाशी पाटावर बसल्या, कार्ड वाचून दाखवलं, स्वतःच्या हातानं देव पाण्यातून काढून पुसले, आणि मला म्हणाल्या, आता जेवा." आईनं पिठलं-भाकरी केली. आई चार दिवसांनी पोटभर जेवली. "पण तुझ्या बाई काही जेवल्या नाहीत गं. दोन घास खाऊन हात धुतला. पिठलं तिखट झालं असेल." आई मरेपर्यंत असंच समजत होती की पिठलं तिखट झालं होतं.

मी बडोद्याला परत आले तेव्हा हात अजून गळ्यात होता. तुम्ही तो बघितलात, कधी मोडला विचारलंत. तुफानाच्याच दिवशी, मी म्हटलं. तुम्ही टेबलाचा खण उघडून पुन्हा बंद केलात आणि म्हणालात, "डावा मोडला असता तर बरं झालं असतं." मला वाटलं, फळ्यावर लिहायची अडचण झाली म्हणून म्हणताहेत. मनात चरफडलेसुद्धा. त्या खणात माझ्या उजव्या हातची कार्डं होती, आणि तुम्ही तर मुलीनं धडा बसून लिहिला की घाईत, हे अक्षर बघून सांगणाऱ्या. सगळी एका बैठकीत लिहिलेली आहेत हे दुसऱ्या-तिसऱ्या कार्डालाच तुम्हाला कळलं असणार. तुम्ही कधी बोलला नाहीत, आणि मी कधी कबूल केलं नाही.

मी या मुलीलाही बारा कार्डं दिली. ती नियमानं येतात. महिन्यापूर्वी मी ती शेजारी शेजारी मांडली तर सगळ्यांची शाई एक, सगळ्यांचा तिरपेपणा एक, तारीख कशावरच नाही. मला हसू आलं. म्हटलं, माझ्यावरच गेली आहे. रागवायला हवं होतं. आज सकाळी त्यातलंच आणखी एक आलं.

दुपारी तिची आई आली. "बेन, टपालवाला बोलला कार्ड आलंय म्हणून. काय लिहिलंय पोरीनं?" मी वाचून दाखवलं. तिनं कार्ड कपाळाला लावलं. "मग काढू ना देव बाहेर? परवापासून पाण्यात आहेत." बाई, 'काढा' हा शब्द माझ्या ओठांवर होता. तो म्हटला असता तर ती घरी जाऊन जेवली असती. पण मी म्हटलं, "राहू देत. हे कार्ड गेल्या शनिवारचं आहे. तुफान अजून यायचंय."

तिनं कार्ड कपाळावरून खाली घेतलं. "तुम्हीच तर म्हणायच्या ना, देवांना पडसं होईल?"

"होऊ दे झालं तर."

मी चहा केला. "दिवाळीला आली असती तर," ती एवढंच म्हणाली आणि उरलेलं तिनं चहाबरोबर गिळलं. तिनं मला दोष दिला असता तर मला बरं वाटलं असतं.

आता पुढच्या आठवड्यातही कार्ड येईल. त्यावर तुफानानंतरचा शिक्का असेल, सगळ्या बडोद्याला तेवढं पुरेल आणि मला पुरणार नाही. तुम्ही ते कार्ड हातात घेऊन आमच्या घरापर्यंत कशा चालत आलात? कळत असून देव कसे पुसलेत? मी जिवंत नसेन असं किती दिवस वाटत होतं तुम्हाला? हे विचारायला तुम्ही हव्या होतात. तुम्ही मला ओरडायला हव्या होतात.

माझ्या पेटीत एक कार्ड आहे. निघताना पट्टेवाल्यानं "आ एक रही गयुं, बेन" म्हणत परत दिलेलं, बारावं. पत्ता तुमच्या अक्षरात, सही माझी. या कागदाबरोबर तेही टपालात टाकावं असं क्षणभर वाटलं, पत्त्यावर आता कुणी नसलं तरी. पण त्यावर लिहिलेलं आजही खरं नाही, आणि खोटं कार्ड मी तुम्हाला पुन्हा पाठवणार नाही. दोन्ही पेटीतच राहतील.

आणि हसणार नसाल तर सांगते. ती दुपारी आली तेव्हा मी तिला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही, चहा बाहेरच आणून दिला. माझेही देव सकाळपासून पाण्यात आहेत.