बाबांचा एक, तुझे दोन

आईस,
पोर्ट विलाहून कापालूचा नमस्कार. मी धडधाकट आहे आणि पोटभर जेवतो.

गेल्या आठवड्यातल्या भूकंपावरून तुमचं दोघांचं वाजलं, असं बोटीनं आलेली मावशी सांगत होती. बाबा म्हणे, "होडीखाली एकच ठोका बसला. ही नेहमीच एकाचे दोन करते." भूकंप केंद्रात माझं कामच हे, म्हणून निवाडा मी देतो. दोघांचंही खरं.

जमीन फुटते तिथून दोन लाटा निघतात. पहिली वेगानं ढकलत येते. ती खडकातून जाते, तशी पाण्यातूनही. दुसरी मागून येते, जमीन आडवी हलवत. तिला पाण्यातून जाताच येत नाही, म्हणून होडीतल्या बाबांना ती कळलीच नाही. घरं पाडते ती बहुतेक हीच.

आणि तू पहिला धक्का थांबल्यावर तापल्या दगडांवर शिजत ठेवलेला लापलाप काढायला त्या विटांच्या स्वयंपाकघरात परत गेलीस? जळू दे लापलाप. पहिला धक्का हा नुसता सांगावा असतो. तो लागला की बाहेर ये आणि बाहेरच थांब.

बाबांचा खोकला कसा आहे? माझं घर ठीक आहे, एक भिंत तेवढी नाही. झाडाखाली बसून लिहितोय, वारा छान आहे. मी पहिल्याच धक्क्याला बाहेर पडलो होतो.

तुझाच,
कापालू