वाटाड्यात घातलेलं वावर

नांदे, ता. मुळशी

प्रिय नाजनीन,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू आधी दचकशील. फोन असताना बाईनं पत्र का लिहिलं, कोणी गेलं की काय, असं वाटेल. तसं काही नाही, सगळे धडधाकट आहेत. पण फोनवर आपण दोघी गुडघ्यांवरून पावसावर येतो आणि तेवढ्यात तुझ्याकडे गनीभाऊ चहा मागतात, नाहीतर माझ्या दारात कोणी भाडेकरू नळाची तक्रार घेऊन उभा राहतो. शिवाय मला जे सांगायचं आहे त्यात तू मधे बोललीस, तर मला पुढे बोलवणार नाही. म्हणून लिहिते. शेवटपर्यंत वाच, मगच फोनला हात लाव.

हे दिवस लावणीचे. तुला आठवतं, तू माझं लग्न झाल्यावर पहिल्यांदा नांद्याला आलीस तेव्हा आमच्या खाचरात लावणी चालली होती, आणि तू सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून सरळ चिखलात उतरलीस? माझ्या सासूबाई बघतच राहिल्या. संध्याकाळी म्हणाल्या, "तुजी मैतरीण लई कामाची हाय." मला त्यांनी तसं कधी म्हटलं नाही. त्या खाचरावर आता तीन टॉवर उभे आहेत. रात्री गच्चीवर गेलं की त्यांच्या खिडक्या दिसतात, मला त्यात माझा बांध शोधायची सवय लागली आहे. सापडत नाही. हिंजवडीकडून येणाऱ्या गाड्यांची रांग आता आमच्या कमानीपर्यंत पोचते.

जमीन विकली तेव्हा तू मिरजेहून फोन करून रडली होतीस, मी नव्हते रडले. माझा विश्राम जाऊन वर्ष झालं होतं, लेक उत्कर्षा पुण्यात बँकेत लागली होती, आणि मी एकटीनं काय पिकवणार होते? माझ्या दिरानं, हैबतरावानं, त्याच्या वाट्यातून ती भलीमोठी काळी गाडी घेतली. ती गाडी रोज हिंजवडीच्या चौकात अर्धा दिवस उभी असते. माझा वाटा बँकेत पडून राहिला. त्याचं पुढे काय झालं हे तू कधी विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. आज सांगते.

सुरुवात तुझ्या तारिकपासूनच आहे. हिंजवडीत नोकरी लागली म्हणून तू त्याला माझ्याकडे पाठवलंस, हातात भडंगाचा डबा आणि डोक्याला चोपडून तेल. मला तो दिसला आणि पौडचं तुमचं घर आठवलं. तू बाळंतपणाला माहेरी आली होतीस, हुसेनबीचाचींनी हे बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि त्यानं पहिलं काय केलं असेल तर माझं लुगडं भिजवलं. तो एवढा उंच होऊन दारात वाकून उभा. वरची खोली त्याला दिली. भाडं द्यायला लागला तेव्हा मी म्हटलं, भाडं दे, पण जेवण माझ्या हातचं आणि त्याचा हिशोब नाही. विश्राम गेल्यापासून मी एकटीपुरती भाकरी थापत होते. एकटीसाठी तवा तापवणं म्हणजे काय ते तुला कळायचं नाही, आणि कळूही नये. तारिक आल्यावर पुन्हा टोपलंभर भाकऱ्या होऊ लागल्या. कंपनीची गाडी त्याला उशिरा सोडायची. मी जागी राहायचे. तो जेवता जेवता मला काहीबाही समजावत बसायचा.

ड्रोन त्यातच आलं. त्यानं सांगितलं की ही उडणारी यंत्रं वरच्या उपग्रहांना विचारत विचारत वाट काढतात. आपल्यासारख्या दऱ्याखोऱ्यांत डोंगर आडवा आला की ते विचारणं तुटतं आणि यंत्र बावचळतं. मग त्याला कॅमेऱ्यानं खाली बघून वाट ओळखायला शिकवायचं. हा ओढा, हे देऊळ, हा बांध. मी म्हटलं, मग आपण तरी दुसरं काय करतो? तो हसला आणि म्हणाला, तेच, फक्त यंत्राला ते शिकवायला फार लिहावं लागतं.

तेव्हा अशा छोट्या छोट्या कंपन्यांचे शेअर बाजारात येत होते, कोणी बंगळुरूची, कोणी हैदराबादची. तारिक आणि त्याचा मित्र ओम त्यांच्याबद्दल बोलायचे, मी ऐकायचे. उत्कर्षाच्या मागे लागून खातं उघडलं आणि थोडे थोडे घेतले. नाजू, तुला खोटं वाटेल, पण मला त्याचा नाद लागला. मेथी निवडता निवडता फोन बघायचे. टीव्हीवर कुठं ड्रोनची बातमी आली की भाव असा चढायचा की त्या दिवसापुरता त्याला वर जायलाच बंदी व्हायची. त्याला अप्पर सर्किट म्हणतात. मी हा शब्द हळदीकुंकवात वापरला तेव्हा बायका माझ्याकडे बघायला लागल्या. एक शेअर मी चांगला वर असताना विकला, काही अक्कल होती म्हणून नव्हे, बोअरची मोटर जळाली म्हणून. दुसरा असा आपटला की आज फुकट दिला तरी घेणारा नाही. त्या कंपन्या काय करतात, त्यांना गिऱ्हाईक कोण, हे भाव चढवणाऱ्यांतल्या कितीजणांना ठाऊक होतं कोण जाणे. निम्मा जुगारच होता तो. हैबतराव म्हणायचा, "वैनी, उडत्या पाखरात पैसं घालू नका. पाखरू जातं अन् हातात पिसं ऱ्हात्यात." मी म्हणायचे, तुमच्या गाडीला तर पिसंही नाहीत.

मग तारिकनं नोकरी सोडली. तुमच्या घरी त्यावरून केवढं झालं ते तू मला सांगितलंसच. गनीभाऊ वर्षभर त्याच्याशी धड बोलले नाहीत. त्यानं आणि ओमनं माझ्याच वरच्या दोन खोल्यांत कंपनी काढली. नाव काय ठेवावं म्हणून मला विचारलं, मी म्हटलं, वाटाड्या ठेवा. तेच ठेवलं.

एकदा मला ते मुठा खोऱ्यात घेऊन गेले, परवानगी काढून तिथं चाचणी घ्यायची होती. मी जुनी चादर माळावर पसरली, तिच्यावरून ड्रोन उडालं. ओमनं त्याचा उपग्रहाशी संबंध तोडून टाकला. ते डोंगराच्या पलीकडं गेलं, आवाजही थांबला. पोरं पडद्याकडं बघत उभी. तारिकच्या हाताची बोटं आपोआप हलत होती, परीक्षेच्या आधी तुझी हलायची तशी. मी तर देवाचं नाव घ्यायला लागले. आणि मग डोंगराच्या भलत्याच खिंडीतून ते आलं, जरा घोटाळलं, आणि बरोब्बर चादरीवर उतरलं. मला तेव्हा काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. विश्राम नवीन वाणाचं भात लावायचा आणि पहिली लोंबी बाहेर पडली की मला हाक मारायचा, तसं काहीतरी.

घरी येऊन मी त्याला म्हटलं, माझे पैसे घे. तो घेईना. म्हणाला, दुसऱ्या कुणाचेही घेईन, तुमचे नकोत. मी आठवडाभर त्याच्याशी भांडले. मी म्हटलं, अनोळखी बंगळुरूवाल्यांत घातलेले चालले, माझ्या डोक्यावर नांदणाऱ्या कंपनीत चालत नाहीत? शेवटी त्यानं मला समोर बसवलं आणि म्हणाला, "मावशी, हे सगळे जाऊ शकतात. सगळे म्हणजे सगळे. तुमच्या तोंडानं म्हणा." मी म्हटलं, "गेले तर गेले." त्यानं पुन्हा म्हणायला लावलं, मग घेतले. वावराचे जे उरले होते त्यातले बहुतेक मी त्यात घातले. उत्कर्षा चिडली आणि कित्येक दिवस माझ्याशी बोलली नाही, पण तिच्या नावावर घर आहे आणि माझ्या पोटाला खोल्यांचं भाडं आहे. मी अगदीच खुळी नव्हते.

आणि दिवस चांगले गेले ग. फवारणीवाल्या एका कंपनीचं काम मिळालं. मुंबईचा एक मोठा गुंतवणूकदार आला, माझ्या ओट्यावर बसून पिठलं-भाकरी जेवला आणि केवढे तरी पैसे घालायचं कबूल करून गेला. त्या आकड्यानं माझे पैसे कागदावर असे फुगले की हैबतराव स्वतः पायऱ्या चढून वर गेला आणि तारिकला म्हणाला, "माजं बी थोडं घ्या की." तू ईदला फोनवर म्हणालीस ना, की गनीभाऊ दुकानात सगळ्यांना सांगतात, माझ्या पोराची कंपनी आहे. मी ते तारिकला सांगितलं तेव्हा तो उठून गच्चीवर गेला, बराच वेळ आला नाही.

पुढचं मी थोडक्यात लिहिते. एका मोठ्या कंपनीनं आपल्या ड्रोनमध्ये हीच सोय फुकट द्यायला सुरुवात केली. मुंबईवाला फोन उचलेना. फवारणीवाल्यांनी काम काढून घेतलं. ओमला बंगळुरूत नोकरी मिळाली. जाताना तो माझ्या पाया पडला आणि रडला. गेल्या उन्हाळ्यात वाटाड्या बंद झाली. तारिकनं आपली मोटरसायकल विकून हाताखालच्या पोरांचे पगार दिले. बकरी ईदला तो तुमच्याकडे आला नाही, कामाची गर्दी आहे म्हणाला, ते माझ्याच गच्चीवरून म्हणाला. फोनवर हसत होता. मी वाळवण उचलत होते, मला दिसत होता त्याचा चेहरा.

त्यानंतर तो जेवायला खाली येईना. मग एक दिवस खोलीची किल्ली कट्ट्यावर ठेवून, सामान तसंच टाकून निघून गेला. शोधत गेले तर हिंजवडीपलीकडं चार पोरांच्या खोलीत राहतो, मिळेल ते काम करतो. मला बघून उभा राहिला, पण मान वर करीना. म्हणाला, "मावशी, तुमचं वावर विकून खाल्लं मी. अम्मीला काय तोंड दाखवू?"

मी त्याला तिथंच जिन्यात बसवलं आणि आपल्या करवंदांची गोष्ट सांगितली. तू त्याला कधीच सांगितली नव्हतीस का ग? पौडच्या एसटी स्टँडवर आपण करवंदं विकायचो, आणि एकदा तुझ्या डोक्यात आलं की रविवारी धरण बघायला पुण्याची माणसं येणार, तर सगळ्या पोरींचा माल आपणच उचलायचा. आपले साठवलेले सगळे पैसे गेले त्यात. आणि नेमका एसटीचा संप. कुत्रंही फिरकलं नाही स्टँडवर. पाट्या घेऊन आपण तुमच्या बांगड्यांच्या दुकानामागं लपून बसलो, करवंदं खात रडत होतो, आणि चाची आल्या. आपली जांभळी तोंडं बघून त्यांना हसू आवरेना. म्हणाल्या, "माल सडला तर सडू दे. तुमी दोघी उन्हातून आत या." तारिक ऐकून हसला. कितीतरी दिवसांनी हसला असेल. पण चल म्हटलं तर आला नाही.

मला पैशांचं दुःख नाही, हे तुला तरी पटेल. त्यानं मला फसवलं नाही, आधी सांगून घेतले. ते वावर तसंही गेलंच होतं, हैबतरावाचं गाडीत गेलं, माझं या पोरांच्या उमेदीत गेलं. चार वर्षं माझ्या घराला माणसांचा आवाज होता. मी रडते ते याच्यासाठी की टोपल्यात पुन्हा एकटीच्याच भाकऱ्या आहेत.

आता पत्र का लिहिलं ते. गेल्या आठवड्यात तू फोन केलास, सांगलीचं स्थळ आलंय म्हणालीस, मुलीकडचे विचारतायत, कंपनी कशी चालली आहे, शुभांगी तू तरी खरं सांग. मी छान चाललंय म्हणाले. खरं वर लिहिलंय. गनीभाऊंनाही वाचून दाखव, आणि सांग की यात रागवायला आता काही उरलेलं नाही. मला एक पैसाही पाठवू नकोस. तुला मी ओळखते, बांगड्या काढून बसशील. मला वेगळंच काही हवंय. मी तारिकला निरोप दिलाय की खोलीला नवीन भाडेकरू आलाय, येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी येऊन सामान घेऊन जा. तो येणार आहे. भाडेकरू-बिडेकरू कोणी नाही. तू शनिवारीच ये. रविवारी दार तू उघड. मी आत चुलीपाशी असेन, हाक मारल्याशिवाय बाहेर येणार नाही.

वाट बघतेय,
तुझीच
शुभांगी