उघडल्याची तारीख

जुईनगर,
५ ऑगस्ट २०२५

ती. आईस,
सप्रेम जयभीम. सा. न. वि. वि.

अंकुशमामाच्या प्लास्टरमुळे तू खेडला अडकलीस, आणि तिथे रेंज नाही, म्हणून हे पत्र. शाळेत निबंध लिहितेय असं वाटतंय.

महापेच्या लॅबमध्ये माझं काम अडलंय. औषध बनवताना एका पायरीला रेणूवरचा एक हायड्रोजन काढून घ्यावा लागतो. त्यासाठी फॉस्फाझीन नावाचा बेस वापरतो. तुझ्या पापडखाराच्याच जातीचा, पण फार जोरकस. अंगावर विजेचा भार नाही, आकाराने मोठा, त्यामुळे हायड्रोजन घेतो आणि बाजूला होतो, स्वतः रेणूला चिकटत नाही. जूनमध्ये शंभरात ऐंशी माल निघायचा, आता वीस. तापमान बदललं, सॉल्व्हंट बदललं, फरक नाही. अभिरामसर म्हणाले, महिनाअखेर जमलं नाही तर काम दुसऱ्याला देऊ. माझं प्रोबेशनही तेव्हाच संपतं.

काळजी करू नकोस. भात करपला, तेवढं सोडून घर ठीक आहे.

लोभ आहेच, तो पत्रातूनही येऊ दे.
तुझी संघप्रिया

खेड,
९ ऑगस्ट

चि. संघप्रिया हिस,
सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद.

काळजी करू नकोस असं तू लिहिलंस की ती नेमकी कशाची करायची ते मला कळतं. मामा बरा आहे. पाय प्लास्टरात, तोंड मोकळं. वर्षावासाचं ग्रंथवाचन इथल्या विहारात रोज ऐकते.

तुझा तो बेस मला आवडला. काम करून बाजूला होणारं माणूस आपल्या नात्यात एकही नाही. तुझ्या आत्याला एकदा दाखव.

मी मॅट्रिक, तुझं शास्त्र मला काय कळणार. पण पावसाळ्यात डबा सारखा उघडला की पापडखार दमट होतो, मग पापड फुलत नाही, हे कळतं. म्हणून मी डब्यावर उघडल्याची तारीख चिकटवते, वहीतही लिहिते. तुझी बाटली कधी उघडली? आणि नवी असताना तू जुनीच वापरतेस ना? खरं सांग.

करपलेलं पातेलं भिजत घाल. वेळेवर जेव, म्हणजे माझा जीव इथे लागेल.
तुझी आई, राजश्री

जुईनगर,
२९ ऑगस्ट

ती. आईस,
सप्रेम जयभीम. सा. न. वि. वि.

तीनदा करून पाहिल्याशिवाय लिहायचं नव्हतं, म्हणून उशीर.

पकडलंस. लॅबच्या फ्रिजमध्ये नवी सीलबंद बाटली होती, आणि मी जूनपासून उघडलेलीच पुरवत होते. जुनं संपल्याशिवाय नव्याला हात लावू नकोस, हे कोणाचं वाक्य? हा बेस हवेतलं पाणी शोषतो असं लिहून मी परीक्षेत मार्क मिळवलेत. तरी हात तुझ्याच वाक्याप्रमाणे चालला. शेजारच्या टेबलावरची श्रुती अजून हसतेय.

नवी बाटली हवा लागू नये म्हणून नायट्रोजनखाली उघडून आठ छोट्या कुप्यांत वाटली. एका वेळी एकच उघडायची. प्रत्येकीवर तारखेची चिठ्ठी. तिन्ही वेळा ऐंशीच्या वर माल निघाला. सरांना चूक सांगून टाकली. त्यांनी विचारलं, चिठ्ठीची पद्धत कुठली? म्हटलं, जुईनगरची.

आज नोकरी पक्की झाल्याचं पत्र मिळालं.

मामाला सांग, आणि तू लवकर ये.
तुझी संघप्रिया

ता. क. घरातल्या पापडखारावरची चिठ्ठी वाचली. मार्च २०२१. टाकू?

खेड,
२ सप्टेंबर

चि. संघप्रिया हिस,
सप्रेम जयभीम व पोटभर आशीर्वाद.

पत्र मामाला दोनदा वाचून दाखवलं, तिसऱ्यांदा त्यानेच मागून घेतलं. पौर्णिमेला विहारात तुझ्या नावाने खीर देते.

माझं वाक्य मी मागे घेत नाही. तुझ्या लॅबपुरती सूट देते.

पापडखार टाकू नकोस. त्याने ते करपलेलं पातेलं घास. ते अजून भिजतंय, हे तू लिहिलं नाहीस तरी मला ठाऊक आहे.

रविवारी येतेच, तोवर माया पोस्टाने.
तुझी आई, राजश्री