अलार्म वाजला नाही

६ जाने., मंगळ.
आज सहावीच्या वर्गात फोन बोंबलला. फळ्यावर अपूर्णांक, माझ्या हातात खडू, आणि टेबलावर टिंव टिंव टिंव. पोरं आता हसत नाहीत, सवय झालीय. मागच्या बाकावरून आवाज, "टीचर, सायलीदीदीची शुगर!" लेकीची साखर फार उतरली की आधी तिचा फोन ओरडतो, पाठोपाठ माझा. तिच्या दंडावर सेन्सर आहे, आम्ही त्याला बटण म्हणतो. बटण तिच्या फोनला सांगतं, तिचा फोन मला सांगतो.

तिला फोन लावला. "प्यायले ना ज्यूस, आई! क्लास चालूये." आणि कट. चौदाची झाली, आईला कट करायला शिकली.

मुख्याध्यापक पुन्हा बोलले, वर्गात मोबाईल चालणार नाही. म्हटलं, सर, परिपत्रक काढा, मी सही करते आणि फोन चालूच ठेवते. 

१० जाने., शनि.
डॉक्टरबाईंकडे जाऊन आलो. बातमी चांगली नाही. साखर उतरताना घाम, थरथर, भूक असं जे सायलीला कळायचं, ते आता कळेनासं झालंय. लहानपणी लागलेला डायबेटिस, बऱ्याच मुलांचं असं होतं म्हणे. शरीर सांगायचंच बंद करतं. म्हणजे ती "मी ठीक आहे" म्हणाली तरी ठीक असेलच असं नाही. "आता अलार्मवरच भिस्त ठेवा. आणि इन्सुलिन घेतलं की ताट समोर पाहिजे," असं दोनदा बजावलं.

सायलीला यातलं काही पडलेलं नाही. पाय हलवत बसली होती. विचारते काय, "उत्तरायणला दिवसभर अगाशीवर जाऊ ना?" गुजरातेत वाढलेली पोर, तिला संक्रांत म्हणजे उत्तरायण, गच्ची आणि पतंग. बाई म्हणाल्या, खुशाल जा, फोन जवळ ठेव.

रिक्षात करार झाला. तिनं फोन कमरेच्या पाऊचमध्ये ठेवायचा, मी गच्चीवर यायचं नाही. "तू आलीस ना आई, की सगळे मला पेशंट समजतात." लागलं मला. पण खरंय ते.

१३ जाने., मंगळ. भोगी
ह्यांना ऑफ होता. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी, लेकुरवाळी भाजी, लोणी. भरपूर जेवले आणि मग हात शिवशिवले. प्लांटची सवय, कुठे काही पेंडिंग दिसलं की चैन पडत नाही. माझ्या आणि सायलीच्या फोनवर बरेच दिवस अपडेटचं निशाण लटकत होतं. दुपारी दोन्ही चार्जिंगला लावून उरकून टाकलं. "सिक्युरिटीचं असतं गं, मागे ठेवू नये."

फोन उठला तो ओळखू येईना. गोल होतं ते चौकोनी, वरचं खाली. तव्यासारखा तापलाय. टाइप करावं तर अक्षर मागून येतं, म्हातारं जिना चढतं तसं. आईचा फोन आला तर उचलायचा कसा तेच कळेना. जळलं मेलं, चांगलं चाललेलं बिघडवायची हौस. हे म्हणाले, होईल सवय.

साखरेचा आकडा मात्र दिसतोय. तेवढं दोघांनी पाहिलं. आकडा दिसतोय म्हणजे सगळं ठीक.

उद्या ह्यांची फर्स्ट शिफ्ट. हजीऱ्याच्या प्लांटला संक्रांत नसते.

१६ जाने., शुक्र.
हॉस्पिटल. आयसीयूच्या बाहेरचा बाक. नर्सकडून पेन मागून घेतलं. 

संक्रांत. परवा गुळाच्या पोळ्या झाल्या होत्या. तूप कढलेलं. सायली ओट्याशी येऊन उभी, "भूक लागलीय." दोन पोळ्यांचा हिशोब करून मीच इन्सुलिन दिलं. वाढतेच म्हणाले. तेवढ्यात सोसायटीतल्या आपल्या मराठी बायका ववसायला आल्या. काळ्या साड्या, हातात सुगडं. हळदकुंकू, तिळगूळ, ओटी. नैवेद्य अजून दाखवायचा होता. सायलीनं पोळीकडे हात नेला तर मी म्हणाले

मी म्हणाले, "थांब गं, नैवेद्य होऊ दे."

आमच्याकडे नैवेद्याआधी कुणी खात नाही. माहेरी नाही, सासरी नाही. तिनं हात मागे घेतला. गुणाची लेक. वरून पोरं ओरडत होती, "सायली, चाल ने!" ही निघाली, "हाक मार, येते." मी बायकांत बसले. एकीला नाव घ्यायला लावलं, हसलो. फोन देव्हाऱ्याशेजारी, आवाज फुल्ल. माझं गणित सोपं होतं. ओरडला नाही म्हणजे ठीक.

हेमाबेन धावत आल्या, समोरच्या फ्लॅटच्या. "सायलीने जुओ ने, कंई थाय छे एने." सायलीला काहीतरी होतंय.

टाकीच्या सावलीत पडलेली. सगळ्यांना वाटलं ऊन लागून झोपली. हेमाबेन म्हणतात, "मने थयुं तडको लाग्यो." मग झटके यायला लागले तेव्हा धावाधाव. मी पोचले तेव्हा डोळे वर, ओठातून रक्त, दातांत जीभ. स्पीकरवर गाणी चालूच. चारी बाजूंनी "काप्यो छे!" गच्चीवर प्रत्येकाच्या हातात चिक्की, तिळगूळ, उसाचे करवे. एकजण साखरेचं पाणी घेऊन आला. मी किंचाळले, "तोंडात काही घालू नका!" शुद्ध नसताना घातलं तर श्वासात जातं. साखरेवाचून लेकरू मरतंय, साखर हातात आहे, आणि आईच देऊ देत नाही. देवा रे.

हेमाबेनच्या मिस्टरांची गाडी. रस्त्यावर जिथे तिथे पतंगामागे धावणारी पोरं. शिरेतून ग्लुकोज दिलं. झटके थांबले पण जाग आली नाही. अजून नाही. खूप वेळ साखर खाली होती, डॉक्टर म्हणतात, मेंदूला सूज आहे, वाट बघा.

ह्यांना कळलं शिफ्ट सुटल्यावर. त्यांचा फोन गेटवर जमा असतो.

१७ जाने., शनि.
जाग आली!! मला ओळखलं. ह्यांना ओळखलं. शब्द अडखळतात, जीभ सुजलीय.

पहिलं वाक्य, "आई, मी जेवले का?"

बाथरूममध्ये जाऊन रडले.

१८ जाने., रवि.
हे दोन्ही फोन घेऊन बसले. शेवटी सापडलं. अपडेटनं सगळ्या ॲप्सची झाडाझडती घेतली, जी बॅटरी जास्त खातात ती झोपवली. आमचं साखरेचं ॲप दिवसरात्र चालणारं, तेच पहिलं झोपलं. वर आवाज करायची परवानगीही काढून घेतलेली. न विचारता, न सांगता. ॲप उघडलं की जागं होतं, आकडा दाखवतं. बंद केलं की परत घोरतं. म्हणून भोगीला आम्हाला सगळं ठीक दिसलं. बघायला गेलो तेव्हा जागंच होतं ना. आता परवानग्या परत चालू केल्या.

बटणाचं काही चुकलेलं नाही. त्याच्याजवळ सगळं साठलेलं आहे, संक्रांतीची रेघ खाली खाली गेलेली. ओरडायचं तेवढं राहिलं.

मी म्हणाले, तुम्हाला कुणी सांगितलं होतं हात लावायला. दोन दिवसांत कितव्यांदा, मलाच माहीत नाही. आज उलटून बोलले, "इन्सुलिन देऊन ताट कोणी अडवलं?"

नंतर कूलरजवळ भिंतीकडे तोंड करून उभे होते. मी गेले नाही. जावंसं वाटलं नाही.

१९ जाने., सोम.
कस्टमर केअर. आधी गाणं, मग एक मुलगी. "मॅडम, आपने फोन रीस्टार्ट करके देखा?" म्हटलं, मेरी बेटी को रीस्टार्ट करना पडा. तिला कळलं नाही. "मॅडम, अपडेट के बाद सेटिंग चेक करना यूझर की जिम्मेदारी होती है." साखरेच्या ॲपवाल्यांना लावला तर ते म्हणतात, फोनवाल्यांना विचारा. उचलली जीभ लावली टाळ्याला. तक्रार नोंदवून घेतली म्हणे. पाच पैकी किती स्टार द्याल असा मेसेज आला. फोन भिंतीवर फेकणार होते, पण त्याच फोनवर लेकीचा आकडा.

लातूरहून सासूबाईंचा फोन. "मोबाईलच्या भरवशावर लेकरू सोडलाव व्हय गं?"  नैवेद्याचं त्यांना सांगितलेलं नाही. हे पण बोलले नाहीत. तेवढं बरं केलं.

२३ जाने., शुक्र.
घरी आलो. चालते नीट. पण शब्द शोधते. "ते... पाणी प्यायचं ते" म्हणाली, पेला आठवेना. डॉक्टर म्हणतात येईल हळूहळू. सगळं येईल का, विचारलं. म्हणाले, बघू.

हेमाबेन रोज ढोकळीबिकळी घेऊन येतात. पायरीवरच रडतात. "में जोई एने सूतेली, में उठाडी नहीं." त्यांचं काय चुकलं? उन्हात दमलेलं पोर झोपलंय म्हटलं तर कोण उठवतं?

२६ जाने., सोम.
शाळेत झेंडावंदन करून पळत आले. सायली गणित करत बसलेली. ह्या पोरीला अपूर्णांक तोंडपाठ होते. आज तीन वेळा तेच गणित खोडलं. मी जवळ गेले तर वही मिटली.

ॲप दर थोड्या वेळानं उघडून बघते. जागं आहे ना. स्वयंपाक करताना, बसमध्ये, वर्गात. मी झोपले तर तेही झोपेल असं वाटतं.

२८ जाने., बुध.
दुरुस्तीचं अपडेट आलंय. "परफॉर्मन्स सुधारला, काही त्रुटी दूर केल्या." काही त्रुटी! माझी लेक कुठल्या त्रुटीत मोडते ते लिहिलेलं नाही.

करायचं की नाही? केलं तर परत काय झोपवेल? नाही केलं तर आत्ताचं असंच राहील? ह्यांना विचारलं. म्हणाले, "मी हात लावणार नाही." गेले काही दिवस हा माणूस मिक्सरचं बटणही दाबत नाही. प्लांटमध्ये एवढ्या मोठ्या मशिनी चालवणारा. राग आला आणि कीवही आली. शेवटी तसंच ठेवलं. आगीतून फुफाट्यात जायची हिंमत नाही.

३० जाने., शुक्र.
सायली शाळेत जायला लागली. मी प्रत्येक तासाला फोन. चौथ्यांदा केला तेव्हा बाईंनी तिला उभं केलं म्हणे, सगळ्यांसमोर. घरी येऊन दप्तर आदळलं.

"तू मला विचारतच नाहीस कशी आहे. फोनला विचारतेस, मग मला सांगतेस."

म्हटलं, तुला कळत नाही ना बाळा, आतलं.

"मग काय, मी आहे की नाही तेपण फोनच सांगणार?"

 हे बाहेर चपला काढत होते, ऐकलं त्यांनी.  आधी तिचं ताट वाढलं, ती जेवायला बसली, मग तिच्यासमोर इन्सुलिन. आता आमच्या घरात असंच. देवाचा नैवेद्य नंतर. देवाला सांगितलंय, तुला चालवून घ्यावं लागेल.

२ फेब्रु., सोम.
तिच्या शाळेसमोर, रसवंतीच्या बाकावर बसून लिहितेय.

सकाळच्या तासाला फोन उघडला तर आकड्याच्या जागी नुसती रेघ. आडवी, बारीक. "माहिती मिळत नाही." रीस्टार्ट केला. परत रेघ. ॲप जागं आहे, परवानगी आहे, सगळं हिरवं आहे. माझ्याकडचं सगळं ठीक.

तिला फोन लावला, रिंग गेली, उचलला नाही. शाळेत लावला. क्लार्कबाई, "छोकरी तो क्लासमां ज छे बेन, एकदम सारी छे." सारी छे, चांगली आहे, हे हिला कसं दिसलं?

मुख्याध्यापकांना न विचारता निघाले. रिक्षात सेटिंग पुन्हा पुन्हा बघितली. मग एक गोष्ट डोक्यात आली, ती काही जात नाही. तिच्या फोनमधून मला आकडा पाठवायचं ती स्वतः बंद करू शकते. एका बोटात. हॉस्पिटलमध्ये ह्यांनीच तिला दाखवलं होतं कुठे असतं ते.

म्हणजे फोननं बंद केलं असेल तर तिचा अलार्मही झोपला असेल, आणि तिला काही कळणार नाही. आणि तिनं बंद केलं असेल तर अलार्म तिच्याकडे वाजेल, फक्त मला नको आहे तिला. देवा, तिनंच बंद केलेलं असू दे. नको असू दे मी तिला. चालेल.

गेटमधून तिचा वर्ग दिसतो, खालचाच. खिडकीशी बसलीय. काहीतरी लिहितेय. एकदा वर पाहिलं, मला पाहिलं. मी हातानं विचारलं, काय? तिनं मान हलवली. ठीक आहे.

परत वहीत डोकं घातलं.

वॉचमन म्हणतो, रिसेसशिवाय आत जाता येणार नाही. आत शिरले तर ती पुन्हा माझ्याशी बोलेल का, माहीत नाही. घंटेला वेळ आहे. खिडकीवरची नजर काढत नाहीये, माझं हे वेडंवाकडं अक्षर बघितलं तर कळेल. पेन हलतंय तिचं अजून.