सगळ्यांची एकच परात

५ जून, सकाळ
देवपूजा आटोपून भटक्या कुत्र्यांच्या निवारा केंद्राचा चार्ज घेतला. नगरपालिकेने माणूस अचूक निवडला. संकल्प: काठीला हात लावायचा नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काका, पिंजऱ्यांत कुत्री कोंबलीत, मध्ये जाळ्या हव्यात, प्रत्येकाला वेगळं भांडं हवं, नियमच आहे. पोरगी हुशार, पण वेगळ्या भांड्यांनीच माझं-तुझं सुरू होतं, हे पुस्तकात नसतं.

६ जून
मोठी परात आणली. आजपासून जेवण एकत्र. नगरपालिकेतल्या साहेबांना फोन करून सांगितलं, जाळ्या नकोत. साहेब म्हणाले, वा! खूश होऊन आणखी दोन गाड्या कुत्री पाठवली.

७ जून
किरकोळ कुरबुर. कान फाटले. एक शेपटी सापडली, मालक सापडला नाही. नव्या जागेत एवढं चालायचंच.

टाके घालता घालता डॉक्टरीणबाई म्हणाल्या, निदान आजोबाला तरी वेगळं ठेवा, काका, हात जोडते. आजोबा म्हणजे केंद्रातलं सर्वांत म्हातारं कुत्रं. तोंडात दात नाही. मी जप करतो तेव्हा माझ्या पायावर हनुवटी ठेवून पडतो. म्हटलं, बघू.

घरी बायको म्हणाली, अहो, अंगणासाठी सख्ख्या भावाचं डोकं फोडलंत, मध्ये भिंत घातली तेव्हा कुठे शांतता झाली. आणि आता कुत्र्यांना बंधुभाव शिकवताय?

तो विषय वेगळा.

९ जून
काळ्या पहिलवानाने, म्हणजे इथल्या सर्वांत दांडग्या कुत्र्याने, दोघांना फाडलं. भिंतीवर हातभर उंचीपर्यंत रक्त. मी मोठ्याने प्रार्थना म्हटली. गुरगुर वाढली. बहुधा सूर चढा लागला.

उपाय सुचला. घरातलं वडीलधारं माणूस जेवायला बसलं की पोरं नीट वागतात. उद्या आजोबा.

१० जून
मीच उचलून नेला. माझ्या अंगाचा वास ओळखीचा, म्हणून शेपटी हलवत आला. परातीशी ठेवला. पहिलवानाने मानेला धरला. मग सगळेच तुटून पडले. काठी घेतली. पहिलवानाच्या डोक्यात घातली, तोंडावर घातली, मोडेपर्यंत घातली. मग मध्ये हात घातला.

आजोबा ओरडलासुद्धा नाही.

डॉक्टरीणबाई रडत होत्या. म्हणाल्या, जाळ्या मिळत होत्या, नाकारल्यात का? म्हटलं, कुत्र्यांची जबाबदारी नगरपालिकेची. त्या म्हणाल्या, काका, इथे नगरपालिका म्हणजे तुम्हीच ना?

११ जून, इस्पितळ
डावा हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये. एक बोट कमी. जप होत नाही. पायावर काहीतरी हवंसं वाटतं.

१२ जून, दुपार
इतक्या वर्षांनी भाऊ भेटायला आला. खाटेवर बसला. बायकोने मुद्दाम एकच ताट मध्ये ठेवलं, म्हणाली, घ्या, आता दाखवा बंधुभाव.

भावाचा हात ताटाकडे आला.

बायको म्हणते, मी गुरगुरलो. मला आठवत नाही. ताट छातीशी ओढलं, एवढं खरं.

सिस्टर धावत आली. तिने भावाला दुसरं ताट दिलं आणि आमच्या मध्ये पडदा ओढला.

मग दोघंही शांतपणे जेवलो.