डॅशबोर्डवरचं खोबरेल

रांझी, जबलपूर

प्रिय विनता,

तुझ्या आईचा अमरावतीहून फोन आला, त्याला बरेच दिवस झाले. अच्युतरावांच्या स्थळाबद्दल त्या बोलल्या. सासरच्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय तू हो म्हणणार नाहीस, हेही त्यांनीच सांगितलं. मी म्हटलं, तिला पत्रानं कळवतो. आणि कागद घेऊन बसायचं सोडून गाडी धुवायला गेलो. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. अवघड काम समोर आलं की मला नेमकं दुसरं काम आठवतं. तर आधी गाडीचंच सांगतो.

आपला गुणवंत तापानं गेला, पोराचं आपण वर्ष पाळलं. सण नाही, गोडधोड नाही, दसऱ्याला गाडीची पूजाही नाही. एरवी तो ती घासूनपुसून, टायर काळे करून उभी करायचा आणि तू बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायचीस. त्या वर्षी मी तिच्यावर ताडपत्री घालून दोऱ्या आवळल्या. वर्ष सरलं, तू माहेरी गेलीस, दोऱ्या तशाच राहिल्या. माणसाचं सुतक फिटलं, गाडीचं फेडायचं कुणाला सुचलंच नाही. जबलपूरचे दोन उन्हाळे ती आत उकडत होती.

फोन आला त्याच दुपारी ताडपत्री काढली. वायपरचं रबर काचेला चिकटलेलं. बंपरचं काळं प्लॅस्टिक राखेसारखं पांढुरकं. दार ओढलं तर कडेचं रबर सोलून हातात आलं. डॅशबोर्ड चिकट, टायर खाली बसलेले. आपल्याला फार वाईट वाटेल, अशी मी मनाची तयारी केली होती. काही वाटलं नाही. हल्ली असंच झालंय, पोरी. जेवतो, पेन्शन आणतो, शेजारच्या लग्नात पंगतीला बसून आलो. भाजी खारट आहे की अळणी तेवढं कळतं. डॉक्टरला दाखवावं असं दुखणं नाही, म्हणून कुणाला सांगितलं नाही. तुला सांगतोय.

मग प्लॅस्टिकला लावायचं औषध आणायला बाजारात गेलो. दुकानदार एक बाटली पुढे करून म्हणाला, ‘चाचाजी, ये लगाओ, शीशे जैसा चमकेगा.’ डॅशबोर्ड इतका चमकला की उन्हात त्याची झळक समोरच्या काचेवर पडते आणि रस्ता दिसत नाही, हे गुणवंताचंच सांगणं. मी न चमकणारी बाटली मागितली. त्यानं मला वेड्यात काढलं, पण दिली.

परत येऊन पाहतो तर तुझ्या सासूबाईंनी, म्हणजे आमच्या अनसूयेनं, अख्ख्या डॅशबोर्डला खोबरेल चोळून ठेवलेलं! मी ओरडलो, तर म्हणते, ‘काहून ओरडून राहिले? कोरडं दिसलं म्हणून लावलं. त्याच्या डोक्याला लावत नव्हती का मी?’ संध्याकाळपर्यंत साऱ्या रांझीची धूळ येऊन त्यावर बसली, मागून मुंग्या आल्या. दुसऱ्या दिवशी दारं उघडी टाकून, बाहेर उभा राहूनच, कोमट पाणी आणि पातळ साबणानं ते तेल उतरवत होतो. हवेच्या जाळ्यांच्या फटींतून जुना दाढीचा ब्रश फिरवला. अनसूया पायरीवर बसून बघत होती. बघता बघता ती रडायला लागली. मी फडकं पिळत राहिलो. तिच्याजवळ जाऊन बसावं, एवढंही मला सुचलं नाही.

तुला म्हणून सांगतो, प्लॅस्टिक पूर्ण वाळल्याशिवाय ते बाटलीतलं औषध लावायचं नाही. फडक्यावर थोडंसं घ्यायचं, पातळ पसरायचं, थोड्या वेळानं कोरड्या कपड्यानं पुसून घ्यायचं. स्टिअरिंगला आणि पायाखालच्या पॅडलना चुकूनसुद्धा लावायचं नाही, हातपाय सटकतात. बंपरला पुन्हा पुन्हा लावावं लागलं, पण धरला त्यानं काळा रंग. दर उन्हाळ्याआधी एक हात मारत जा. आणि गाडी सावलीतच उभी करत जा, नाही तर सगळी मेहनत पाण्यात.

टायरही घासून काळे केले होते. अगदी शोरूममधून आल्यासारखे दिसत होते, मी खुशीत. तेवढ्यात शेजारचे अंबादासभाऊ आले. त्यांनी वाकून एका भेगेत नख घातलं, ते आत गेलं. म्हणाले, ‘पुंडलिकराव, हे रबर मेलं आहे. याला सजवून काय करून राहिले?’ टायरवाल्याला घरीच बोलावून चारही बदलून घेतले, दारांची रबरं आणि बॅटरीही नवी बसवली.

आता गाडीचं काही उरलं नाही. काल ती चालवून पाहावी म्हणून पहिल्यांदा आत बसलो, तर माझा पाय क्लचपर्यंत पोचेना. सीट गुणवंतानं ठेवली होती तशीच होती, पार मागे. मग खालचा दांडा ओढून सीट पुढे घेतली, आणि विनता, तेव्हा मला वाईट वाटलं. इतकं वाटलं की अनसूया धावत बाहेर आली, शेजारीही आले. आज कागद घेऊन बसलो. तू हो म्हण. अनसूयेला विचारलं, ती म्हणाली, ‘पोरगी आपली होय, लग्नही आपणच करून देऊ.’ लग्न जबलपूरला, या घरातून होईल, आणि जाताना गाडी तू घेऊन जायचीस. नाही म्हणायचं नाही. अच्युतराव चांगले उंच आहेत, असं तुझी आई सांगत होती. त्यांना सांगून ठेव, सीटचा दांडा जरा अडतो; आधी वर उचलायचा, मग मागे सरकायचं.

तुझाच,
बाबा