दुर्बिणीचा प्लग मी काढला

सूनबाई,

दुर्बिणीला हात लावायचा नाही, असं तू बजावलं होतंस. तरी पहाटे लावला. रागावण्याआधी ऐकून घे.

गच्चीवरून घरघर ऐकू आली म्हणून वर गेले. तू खुर्चीतच गाढ झोपली होतीस. लॅपटॉप हँग झालेला, पण दुर्बीण फिरवणारं खालचं माउंट आपलं फिरतच होतं. दुर्बिणीची नळी तिपाईच्या पायाला टेकली, तरी मोटर रेटतच होती. आधी प्लग उपटला, मग क्लच सैल करून नळी सोडवली. गिअरचे दाते शाबूत वाटतात, पण तू एकदा बघ.

आमचं नवं लग्न झालं तेव्हा ह्यांच्या दुर्बिणीची मोटरही अशीच अडली होती. दुसऱ्याच दिवशी ह्यांनी तिपाईला एक बटण बसवलं. नळी टेकली की वीज बंद! फोटो काढताना मी घड्याळ धरून सेकंद मोजायची आणि हे श्वास रोखून बसायचे. एकदा मला शिंक आली, दुर्बीण हलली आणि फोटोत ताऱ्याला शेपूट फुटलं. आठवडाभर हसत होते.

ते बटण शिवणाच्या डब्यात आहे, अजून चालतं. तुझ्या माउंटला बसवून टाक, म्हणजे लॅपटॉपच्या भरवशावर राहायला नको.

मी दातांच्या डॉक्टरकडे जातेय. चहा थर्मासमध्ये आहे. तुला उठवलं नाही, पांघरूण तेवढं घातलं.

आज आभाळ निरभ्र असेल तर मलाही हाक मार. हे गेल्यापासून मी गच्चीवर नुसती कपडे वाळत घालायला जाते.

— आई